टंचाईचा आराखडा तयार आहे, पुराचा कुठंय?

मांजराकाठ
११ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. लई दिवसांनी लिहायलेय. लाईट परवा नीट झाली, तोवर मोबाईल शेजारच्या गावातून चार्ज करून आणत होतो.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, मांजरेच्या काठावर. सप्टेंबरच्या शेवटी पाणी शाळेत शिरलं. तिसरीच्या वर्गात फळ्याखाली खडू ठेवायची लाकडी पट्टी असते ना, तिथपर्यंत. ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहिली, गवंड्यानं दोरी धरून मारावी तशी सरळ. रेघेच्या वर पाढ्यांचा तक्ता कोरडा ठणठणीत, खाली सगळं गाळानं माखलेलं.

मी ग्रामपंचायत सदस्य आहे. (गावात अजून ओळख अमक्याची सून अशीच, ते असो.) पाणी ओसरून आठवडा झाला नाही तोच पंचायत समितीत बैठक लागली. तिथं हातात कागद पडला तो पाणीटंचाई कृती आराखड्याचा. तीन टप्पे: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. किती विहिरी अधिग्रहित कराव्या लागतील, टँकर किती, नळ योजनेची दुरुस्ती किती. माझ्या चपलेला तेव्हा पुराचा गाळ होता. शेजारच्या गावचे सरपंच म्हणाले, "लिहा, टँकरऐवजी होडी." सगळे हसले, मीही हसले.

घरी आल्यावर मात्र वाटलं, तो कागद चुकीचा नाही. आमच्या बेसाल्टच्या खडकात पाणी मुरतं ते वरच्या थोड्या सच्छिद्र थरात. मार्च-एप्रिलला त्याच गावात घागरी रांगेला लागतात, हे नवीन नाही. गडबड ही की आपल्याकडं तेवढा एकच कागद आहे. दुष्काळाचा फॉर्म दरवर्षी भरायचा आणि पूर आला की पंचनाम्याची वाट बघायची.

माझं लग्न एप्रिल २०१६ मधलं. मिरजेहून जलदूत रेल्वे लातूरला आली तोच महिना. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर पाणी, पुढं ५० वाघिणींची गाडी झाली, खेपेला २५ लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती. आमच्या मांडवात वऱ्हाडाआधी टँकर पोचला का, हेच सगळे विचारत होते. तेव्हा मांजरेचं पात्र कोरडं म्हणून लोकवर्गणीतून पोकलेन लावून खोल केलं. तीच नदी आता शाळेत आली.

मराठवाड्याची पावसाची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास सांगतात. पण सरासरीवर पेरणी होत नाही. यंदा मे महिन्यातच एवढा कोसळला की नांगरट राहिली, मध्ये खंड पडला आणि सप्टेंबरनं काढणीला आलेलं सोयाबीन नेलं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवतेय ना? तेव्हा वाटलेलं, आयुष्यात एकदाच बघायला मिळतं असलं. आता दरवर्षी काहीतरी 'एकदाच'वालं होतंय.

तर प्रश्न असा. आता २०२६-२७ चा ग्रामपंचायत विकास आराखडा करायचाय. मी थोडं वाचलं. पाणलोट, लघुसिंचन, पिण्याचं पाणी, सामाजिक वनीकरण हे सगळं घटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं स्थानिक संस्थांनाही जबाबदारी दिलीय. पंधराव्या वित्त आयोगाचे (मार्च २०२६ पर्यंतचे) ६० टक्के पैसे बंधित आहेत, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, ४० टक्के अबंधित. आराखड्याच्या नऊ संकल्पनांत 'जलसमृद्ध गाव' आहे, 'स्वच्छ व हरित गाव' आहे. मागच्या वर्षी आमच्या 'हरित'च्या रकान्यात काय होतं सांगू? पेव्हर ब्लॉक.

मला भाषण नकोय. हवामान बदलावर भाषणं मी पण देते, बचत गटात. मला ग्रामसभेत मांडता येतील अशी पाच-सहा कामं हवीत, आमच्या आवाक्यातली. कुणाच्या गावात काही केलंय का?

---

खुरपं
११ ऑक्टोबर, रात्री ११:१५

ताई, पेव्हर ब्लॉक हिरव्या रंगाचे असतील हो.

---

मांजराकाठ
११ ऑक्टोबर, रात्री ११:२०

लाल होते. 😄

---

ओव्हरसियर_निवृत्त
१२ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

पहाटे वाचलं, चहा गार झाला. मी एकतीस वर्षं बांधकामात काढली, त्यामुळं पुलाबद्दल विचारतो. गावात यायच्या रस्त्यावर ओढ्याला नळकांडी पूल आहे का?

---

मांजराकाठ
१२ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

आहे काका. चार नळ्या आहेत. तुम्हाला कसं कळलं?

---

ओव्हरसियर_निवृत्त
१२ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

कारण सगळ्यांकडं तोच आहे, आणि त्यातले काही मीही बांधलेत. पाप कबूल करतो.

हे नीट समजून घ्या, तुमच्या पाच कामांतलं पहिलं इथंच आहे. नळकांडी पूल रोजच्या ओढ्यासाठी ठीक. पण मुसळधार पावसात ओढा नुसतं पाणी आणत नाही. पऱ्हाट्या येतात, बांधावरची तोडून टाकलेली बाभूळ येते, मल्चिंगचा प्लास्टिक कागद येतो, ठिबकच्या जुन्या नळ्यांचं वेटोळं येतं. यातलं एखादं वेटोळं नळीच्या तोंडाशी अडकलं की बाकीचं त्याला चिकटतं. अर्ध्या तासात चारही तोंडं बंद. मग तो पूल राहत नाही, बंधारा होतो. पाणी मागं तुंबतं, वस्तीत शिरतं, नाहीतर पुलाच्या कडेचा भराव फोडून शेजारच्या शेतातली फूटभर माती घेऊन जातं. लोक म्हणतात नदी आली. बऱ्याचदा नदीच्या आधी ओढाच आलेला असतो.

तुमच्या शाळेत पाणी नदीच्या अंगानं आलं का ओढ्याच्या, हे विचारा. पहाटे जागं कोण होतं ते शोधा. उत्तर वेगळं निघालं तर कामही वेगळं होतं.

मोठ्या गाळ्यांचा पूल ग्रामपंचायतीच्या हातात नाही, त्याचा ठराव करून वर पाठवा, नि पाठवत राहा. पण मृगाच्या आधी नळ्यांची तोंडं मोकळी करणं आणि वरच्या बाजूला दोनशे मीटर ओढा साफ ठेवणं तुमच्या हातात आहे. अडचण एवढीच की बांधकामाला बजेटात हेड असतं, साफसफाईला नसतं. उद्घाटनाचा नारळ साफ केलेल्या नळीपुढं कोणी फोडत नाही.

दुसरी गोष्ट पर्जन्यमापकाची. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त. मंडळाचं यंत्र दहा-बारा किलोमीटरवर, ढग तुमच्या शिवारावर फुटणार आणि तिथं नुसता शिडकावा. तुमची नोंद मदतीला धरणार नाहीत, हे आधीच सांगतो, उगाच आशा नको. तरी ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, वहीत लिहा. पाच वर्षांनी पुलाचा प्रस्ताव घेऊन गेलात तर "लई पाणी आलं साहेब" म्हणण्यापेक्षा वही टेबलावर ठेवता येते. पाणी कुठवर आलं त्याच्या खुणाही आत्ताच करून ठेवा. शाळेची भिंत पुढच्या महिन्यात रंगवून काढतील, बघा.

---

खुरपं
१२ ऑक्टोबर, सकाळी ९:००

काका, एकतीस वर्षांत हे एकदा तरी फायलीत लिहिलंत का?

---

ओव्हरसियर_निवृत्त
१२ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

दोनदा. दोन्ही वेळा "निधी उपलब्धतेनुसार" असा शेरा पडला.

---

दुधनेचा_भाऊ
१२ ऑक्टोबर, दुपारी १:१५

जालन्याहून राम राम.

पुराचं काकांनी सांगितलं, मी पाण्याच्या ताळेबंदाचं सांगतो. आमच्याकडं पोकराच्या निमित्तानं (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हो) गावोगाव हा हिशेब करायला शिकवलं. हिशेब सोपाय: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी. गावचं शिवार हजार हेक्टर धरा, पाऊस ७०० मिलिमीटर. झाले ७०० कोटी लिटर. आकडा ऐकून सभेतली पोरं शिट्ट्या मारतात. मग सांगायचं की यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, बरंचसं ओढ्यानं वाहून जातं, मातीत नि खडकात राहतं ते थोडकं. शिट्ट्या बंद.

आता दुसरी बाजू. जलजीवन मिशनच्या निकषानं माणशी रोज ५५ लिटर. दोन हजार वस्तीचं गाव घ्या. वर्षाला साधारण ४ कोटी लिटर. आणि पाटानं भिजवलेल्या उसाला हेक्टरी २ कोटी लिटर तरी लागतंच. म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षाचं पाणी = पाच एकर ऊस.

हे शाळेच्या भिंतीवर लिहा. आकडे तुमच्या गावचे घाला.

आमच्या जिल्ह्यात कडवंचीला नव्वदच्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राबरोबर माथा ते पायथा पाणलोटाचं काम झालं. आधी डोंगरावर चर, मग बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यावर काम. आपल्याकडं उलटं होतं: थेट ओढ्यात जेसीबी, कारण ते फोटोत दिसतं. वरची माती अडवली नाही तर खालचं खोलीकरण दोन पावसाळ्यांत गाळानं भरतं. आणि हो, वर अडवलेलं पाणी खालच्या पुराचा जोरही थोडा मोडतं. पूर आणि टंचाई यांचं वरच्या अंगाचं काम एकच आहे, ताई. तुम्हाला दोन आराखडे लागणारच नाहीत कदाचित.

शेततळ्यांबद्दल सावध. पावसाचं पाणी साठवायला तळं असेल तर उत्तम. पण प्लास्टिक अंथरून, बोअरचं पाणी उपसून भरलेलं तळं म्हणजे जमिनीखालचं गार पाणी उन्हात वाळत घालणं. उन्हाळ्यात रोज सेंटीमीटरभर सहज उडतं.

---

गोडवा
१२ ऑक्टोबर, दुपारी २:४०

आलंच का उसावर! धागा पुराचा, शिव्या उसाला.

मी ऊसवाला. तीन एकर आहे, लपवत नाही. भाऊ, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच. सोयाबीनचा हमीभाव यंदा (२०२५-२६) क्विंटलला ५३२८ रुपये. अडतीवर काय मिळायलंय विचारा, त्यात भिजलेलं असेल तर व्यापारी हातात घेऊन दाताखाली चावून बघतो आणि पोतं बाजूला सारतो. माझ्या शेजाऱ्याचं सोयाबीन चार दिवस पाण्यात राहिलं, शेंगेतच मोड आले. माझा ऊस त्याच पाण्यात चार दिवस उभा होता. थोडा आडवा झाला, पण आहे.

तुम्ही म्हणता हवामान बदललंय. मग ज्या पिकाला पूरही सोसतो, गारपीटही बऱ्यापैकी सोसते आणि ज्याचा भाव कायद्यानं बांधलेला आहे ते पीक माणूस लावणारच ना? पाण्याचा भार गावावर पडतो हे मान्य. पण जोखीम माझ्या एकट्यावर पडते हे कोण मानणार?

---

दुधनेचा_भाऊ
१२ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

@गोडवा, पुरातल्या उसाचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, खरंच. मागं घेत नाही, पण दुरुस्ती करतो: पाच एकर *पाटपाण्यावरचा* ऊस. ठिबक आहे का तुमच्याकडं?

---

गोडवा
१२ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

दोन एकराला आहे. तिसऱ्याचं वाहून गेलं. ओव्हरसियर काकांच्या नळीच्या तोंडाशी अडकलेलं ते वेटोळं माझंच असेल.

---

ओव्हरसियर_निवृत्त
१२ ऑक्टोबर, दुपारी ४:००

😂😂 सापडलं म्हणायचं.

---

मांजराकाठ
१२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. आज विचारपूस केली. काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. पहाटे चारला दूध काढायला उठलेल्या आजीबाईंनी सांगितलं, पाणी आधी ओढ्याकडून आलं, नदी सकाळी आठ वाजता भेटली. म्हणजे चार तास होते आमच्याकडं. चार तासांत शाळेतलं तांदळाचं कोठार रिकामं करता आलं असतं. कुणी सांगितलंच नाही, कारण सांगायचं कुणी हे ठरलेलं नव्हतं.

@गोडवा दादा, पीक काय घ्यायचं हे ग्रामपंचायत सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर नको, ही तरतूद १९९३ च्या भूजल कायद्यापासून आहे. आमच्या नळाच्या विहिरीभोवती मी आज मोजायला गेले. सात बोअर मोजले नि परत आले. त्यातला एक आमच्याच भावकीचा. आता बोला.

---

झोळीवाली
१३ ऑक्टोबर, दुपारी १:००

मी आशा कार्यकर्ती आहे, परभणी जिल्ह्यात. पूर-दुष्काळ सगळे बोलायलेत, उन्हाचं कुणी बोलंना.

ऊन पंचनाम्यात बसत नाही. घर पडलं तर फोटो निघतो. म्हातारं माणूस मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी झोपलं आणि उठलंच नाही, तर "वय झालं होतं" म्हणतात. माझ्या वाडीत निम्मी घरं पत्र्याची. दुपारी दोनला आत हात वर केला तर तव्यावर धरल्यागत लागतं. बाळंतीण तिथंच असते, सव्वा महिना बाहेर निघायचं नाही म्हणून.

अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत तेराशेहून जास्त जादा मृत्यू झाले, तेव्हा कुठं २०१३ ला तिथल्या महापालिकेनं उष्णतेचा कृती आराखडा केला. ते मोठं शहर. आमच्या गावाला लागतं ते एवढंच: अंगणवाडीच्या नि गरिबांच्या पत्र्यावर मार्चमध्ये चुन्याचा पांढरा हात. रोजगार हमीचं काम पहाटे लवकर सुरू करून अकराच्या आत बंद. कामावर सावली आणि पाण्याचा माठ, तो तर नियमातच आहे, दिसत नाही एवढंच. ओआरएसची पाकिटं एप्रिलच्या आधी माझ्या झोळीत यावीत, जूनमध्ये नकोत. आणि एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी. ती माझ्याकडं तोंडपाठ आहे. कुणी विचारत नाही.

आभाळातून पडणाऱ्या विजेचंही लिहा आराखड्यात. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर इशारा देतं, पण शेतात बाईकडं फोन नसतो, तो नवऱ्याकडं पारावर असतो. भोंगा लावा. देवळावर आहेच की.

---

मांजराकाठ
१३ ऑक्टोबर, दुपारी २:१०

ताई, ती यादी आराखड्याला जोडते. आमच्या गावची आशाताई पण अशीच तोंडपाठवाली आहे, आज तिच्याकडं जाते.

---

कोयता_नं_१
१३ ऑक्टोबर, रात्री ८:४५

एक विचारू का ताई. ग्रामसभा कधी ठेवलीय?

---

मांजराकाठ
१३ ऑक्टोबर, रात्री ९:००

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. का?

---

कोयता_नं_१
१३ ऑक्टोबर, रात्री ९:२५

मी बीडचा, बालाघाटातला. लहानपणी आई-बापासोबत ऊस तोडायला फडावर जायचो, आता शिक्षक आहे. कारखाने यंदा १ नोव्हेंबरला सुरू होणार. भाऊबीज झाली की मुकादम गाडी लावतो आणि अर्धं गाव रिकामं. परत येतात ते उन्हाळ्यात.

विकास आराखड्याच्या ग्रामसभा ऑक्टोबर ते जानेवारी. म्हणजे गावाचं पुढच्या वर्षीचं नियोजन ठरतं तेव्हा ज्यांना पाण्याची सगळ्यात जास्त झळ बसते ते चारशे किलोमीटरवर पाचटाच्या कोपीत असतात. मागं राहतात म्हातारे आणि ज्यांची विहीर आहे ते. कोरम भरतो, ठराव होतो, पेव्हर ब्लॉक बसतो. हा कुणाचा कट नाही, तारखेचा खेळ आहे. पण तीस वर्षं एकच खेळ चालला की संशय येतो बघा.

आमच्याकडचा दुष्काळ मी टँकरवर मोजत नाही, कोयत्यांवर मोजतो. (नवरा-बायको मिळून एक कोयता.) ज्या वर्षी खरीप बुडतो त्या वर्षी नवी पोरं मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतात. कुठल्या वस्तीतून किती कोयते गेले हे तुमच्या आराखड्यात लिहा. टंचाई कुठं आहे ते त्यावरून कळतं.

---

खुरपं
१३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

एवढा वेळ गंमत करत होतो. गुरुजी, हे वाचून गप्प झालो.

---

हर्सूल_नाका
१४ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

शहराच्या बाजूनं थोडं. छत्रपती संभाजीनगरमध्ये खाम नदीचं पुनरुज्जीवन सुरू झालं तेव्हा आम्ही नाकं मुरडली होती. लहानपणापासून तो नालाच होता आमच्यासाठी. महापालिका, छावणी परिषद, स्वयंसेवी संस्था, कंपन्या असे सगळे मिळून कचरा काढायला लागले आणि काठ मोकळे झाले. सगळं गोड नाही, सांडपाणी अजून येतं. पण पावसाळ्यात पात्राला पसरायला जागा मिळाली की काय फरक पडतो ते दिसतं.

मुंबईनं मार्च २०२२ मध्ये स्वतःचा वातावरण कृती आराखडा काढला. उमरगा, गंगाखेड, परतूर असल्या नगरपालिकांना तसला जाड ग्रंथ नको. त्यांना ओढ्यांचा नकाशा हवा. जुन्या नकाशात ओढा असतो, नव्या लेआउटमध्ये तो रस्ता होतो. पाऊस जुनाच नकाशा वाचतो.

आणि एक वैताग. कित्येक पालिका नि जिल्हा परिषदांवर २०२२ पासून आज ऑक्टोबर २०२५ पर्यंत प्रशासकच आहेत. ओढ्यावरच्या बांधकामाबद्दल विचारायला नगरसेवकच नाही. नगरसेवक असता तरी काय केलं असतं म्हणा, लेआउट त्याच्याच मेव्हण्याचं असतं.

अवांतर: मलिक अंबरानं सतराव्या शतकात नहर-ए-अंबरी केली तेव्हा निधी बंधित होता का अबंधित?

---

ओव्हरसियर_निवृत्त
१४ ऑक्टोबर, सकाळी ११:००

तेव्हा "निधी उपलब्धतेनुसार" असा शेरा मारणाऱ्याचं डोकं उपलब्ध राहत नसावं.

---

गोडवा
१४ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलंय. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख, वर रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंत. मिळेल तेव्हा मिळेल. पण ताई, रोजगार हमीतलं काम ग्रामपंचायतीनं आराखड्यात धरलं नाही तर अडतं, हे ग्रामसभेत पहिल्यांदा घ्या. गाळ कुठून आणायचा, किती ब्रास, कुणाच्या शेतात आधी. यादी आत्ता केली नाही तर ज्याचा ट्रॅक्टर त्याची माती.

---

मांजराकाठ
२७ ऑक्टोबर, रात्री ११:०५

मंडळी, ग्रामसभा झाली. @कोयता_नं_१ गुरुजींचं ऐकून तारीख अलीकडं आणली, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. सात दिवस आधी दवंडी द्यायची म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (ग्रामसेवकांचं नवं नाव) मागं लागावं लागलं. तांड्यावरच्या एकवीस बाया आल्या. एवढ्या बाया ग्रामसभेत मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितल्या. त्यातली एक म्हणाली, "आम्हाला पुरात काय वाहून गेलं विचारू नका, आमचं होतं काय. मागं लेकरं नि म्हातारी राहतात, त्यांना पाणी कोण देणार ते लिहा." लिहिलं.

काय झालं, काय नाही, खरं सांगते.

नळकांडी पुलाच्या साफसफाईला अबंधितमधून पैसे धरले. त्या जागी वेशीत हायमास्ट दिवा प्रस्तावित होता. त्यावर पाऊण तास भांडण. शेवटी दुधाची आजीबाई उभी राहिली नि म्हणाली, "दिव्याखाली बुडायचंय का अंधारात, एवढंच ठरवा." दिवा पुढच्या वर्षावर गेला. मोठ्या पुलाचा ठराव वर जाणार आहे, शेरा काय येईल ते माहितीच आहे.

वरच्या अंगाची तीन गावं आणि बॅरेजवरचा माणूस यांचे नंबर एका कागदावर आले. ओढ्याला पाणी चढलं की वरच्या गावातून फोन, इकडं देवळाचा भोंगा. कोण वाजवणार त्याचं नाव लिहिलं, तो गावात नसला तर दुसरं नाव. शाळेचा तांदूळ आता समाजमंदिराच्या माळ्यावर.

गाळाची यादी झाली. पहिली पाच नावं अल्पभूधारकांची. ट्रॅक्टरवाले नाराज आहेत.

डोंगराकडच्या अंगाला चर आणि बांधबंदिस्ती रोजगार हमीत धरली. तांड्यावरच्या बायांनी विचारलं, हे काम दिवाळीआधी निघालं असतं तर आम्ही गेलो असतो का? उत्तर नव्हतं.

अंगणवाडीला चुना मंजूर. पत्र्याच्या घरांना नाही, खाजगी मालमत्ता म्हणून. बचत गटातून बघू.

५०० मीटरचा विषय बारगळला. मी वाचायला घेतला आणि आमच्याच भावकीतले पाच जण उठून गेले. घरी दोन दिवस अबोला होता, आज दुपारपासून चहा मिळायला लागलाय. पाच एकर उसाचा हिशेब मात्र शाळेच्या भिंतीवर लिहिलाय, आमच्या गावच्या लोकसंख्येनं तो साडेतीन एकर येतो. त्याच्या शेजारी पुराची रेघ. मुख्याध्यापकांनी चिखल पुसायच्या आधी पोरांनी पिवळ्या ऑइलपेंटनं ओढली, खाली महिना नि साल टाकलं. एका पोरीनं रेघेला लागून उभं राहून बघितलं. तिच्या खांद्याला लागते.

---

झोळीवाली
२८ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

म्हाताऱ्यांची यादी?

---

मांजराकाठ
२८ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

जोडली ताई. चौतीस नावं.

---

ओव्हरसियर_निवृत्त
२८ ऑक्टोबर, सकाळी ८:००

पर्जन्यमापक?

---

मांजराकाठ
२८ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

आणलं काका, प्लास्टिकचं, साडेचारशेला. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर ठेवणार होते, पण पिंपळाची फांदी वर येते म्हणून शाळेच्या मैदानात मोकळ्यावर खांबाला बसवलं. सातवीच्या दोन पोरींकडं वही दिलीय. आज साडेआठची पहिली नोंद ११ मिलिमीटर. रात्रीतून आला, उघड्यावरचं सोयाबीन झाकायला सगळे पळाले.

---

गोडवा
२८ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

आमच्याकडं पण आला. किती ते माहीत नाही. ताई, ते मापक कुठं मिळालं?